बीएसए काढताना या चुका टाळा

केमोचे डोस मिक्स व्हायच्या आधी दुसऱ्यांदा तपासायचं काम माझ्याकडे असतं. बरेचसे डोस पेशंटच्या बीएसएवर, म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर (चौरस मीटरमध्ये) ठरतात. त्याचा फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असतो: उंची सेंमी गुणिले वजन किलो, भागिले ३६००, आणि त्याचं स्क्वेअर रूट. मोस्टेलरने १९८७ मध्ये इतकं सोपं करून ठेवलं तरी गडबड होते, कारण आत टाकलेले आकडेच कच्चे असतात.

सगळ्यात डोकं उठवणारी चूक फूट-इंचाची. एका काकांच्या फाईलवर उंची ‘५.१०’ लिहिलेली, म्हणजे ५ फूट १० इंच. नवीन मुलाने घाईत अ‍ॅपमध्ये तसंच टाकलं, अ‍ॅपने ते ५.१ फूट धरून १५५ सेंमी केले, वजन ६४, बीएसए आला १.६६. मी शीट घेऊन बेडपाशी गेले तर काकांचे पाय पलंगाच्या खालच्या पट्टीला टेकलेले, हा माणूस १५५ चा कसा असेल? चपला काढून भिंतीला उभं केलं, १७८ भरले. बीएसए १.७८. डोसेटॅक्सेल (केमोचं औषध) ७५ मिग्रॅ प्रति चौरस मीटर होतं, म्हणजे १३३ च्या जागी १२५ जाणार होतं, आणि कोणाला कळलंही नसतं कारण १.६६ दिसायला अगदी बरोबर वाटतो. स्क्वेअर रूट विसरलात तर ३.१६ येतो, तो निदान डोळ्यात तरी खुपतो. म्हणून उंची मी स्वतः मोजते आणि फक्त सेंमीत लिहिते, पेशंटला विचारून लिहिलेली उंची मला चालत नाही.

दुसरं म्हणजे मागच्या सायकलचं (केमोच्या फेरीचं) वजन कॉपी-पेस्ट करणं. १५५ सेंमीच्या बाईंचं वजन ५८ वरून ५० वर आलं की बीएसए १.५८ चा १.४७ होतो. बरेच जण १० टक्के फरक पडला तरच परत काढतात, मी दर सायकलला काढते, एक मिनिट लागतं. पोटात पाणी असेल तर वजन वाढलेलं दिसतं, तिथे डॉक्टरांना विचारा, स्वतः वजाबाकी करू नका.

मधेच राउंड करू नका, शेवटी करा.

आज मोस्टेलर, उद्या डु बॉइस (बीएसएचाच दुसरा फॉर्म्युला) असं नको, एका पेशंटला एकच फॉर्म्युला.

कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधाचा डोस सहसा बीएसएवर नसतो, तो किडनीच्या कामावर कॅल्व्हर्टच्या फॉर्म्युल्याने काढतात.

आणि जाड पेशंटचं वजन मनानेच कमी धरू नका, अ‍ॅस्कोची (अमेरिकेतली कॅन्सर डॉक्टरांची संघटना) २०१२ ची गाईडलाईनसुद्धा खरं वजनच घ्या म्हणते.