योग आणि आत्मचिंतनाने मन उलट जड होत असेल, तर या चुका टाळा

दर वर्षी २१ जूनच्या आसपास आणि पुन्हा जानेवारीत पुण्याच्या सहकारनगरमधील आमच्या छोट्या योगवर्गाला नवे साधक येतात. त्यांतील बरेच जण मनासाठी आलेले असतात. कोणाला झोप लागत नसते, कोणाची घरात सारखी चिडचिड होत असते, कोणी नुकतेच जवळचे माणूस गमावलेले असते. तीन-चार आठवडे उलटले की त्यांपैकी काही जण वर्ग संपल्यावर मागे रेंगाळतात आणि संकोचाने सांगतात, "ताई, मन शांत होईल असे वाटले होते, पण हल्ली जास्तच भरून येते." या लोकांच्या निष्ठेत काही उणे नसते. पद्धतीत कुठेतरी चूक झालेली असते आणि ती बहुतेक वेळा दुरुस्त करता येते.

योगसूत्रांच्या समाधिपादात, म्हणजे पहिल्या अध्यायात, पतंजलींनी साधनेतले नऊ अडथळे सांगितले आहेत आणि लगेच पुढच्या, म्हणजे एकतिसाव्या सूत्रात, या अडथळ्यांबरोबर काय काय येते तेही नोंदवले आहे: दुःख, दौर्मनस्य, अंगमेजयत्व आणि श्वासप्रश्वास. मन खचले की अंगाला कंप सुटतो आणि श्वास विस्कटतो, ही गोष्ट या शास्त्राला पहिल्यापासून ठाऊक आहे. म्हणूनच अस्वस्थ माणसाने आधी अंग स्थिर करावे, मग श्वास लयीत आणावा आणि विचारांना सर्वांत शेवटी हात घालावा, असे मी आग्रहाने सांगते. पुढे दिलेल्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्याने होतात.

भावना दाबण्यासाठी योग करणे

ही चूक सर्वांत जास्त आढळते आणि ती सर्वांत उशिरा लक्षात येते, कारण बाहेरून ती चांगल्या सवयीसारखीच दिसते. आमच्याकडे सिंहगड रस्त्यावरून येणाऱ्या एका बाईंच्या सासूबाई दीड वर्ष अंथरुणाला खिळून होत्या. राग अनावर झाला की या बाई आतल्या खोलीत जात, पाच मिनिटे अनुलोम-विलोम करीत आणि चेहरा सावरून पुन्हा कामाला लागत. घरातले सगळे त्यांच्या शांतपणाचे कौतुक करीत असत. एका संध्याकाळी शवासनात मी त्यांच्या मानेखाली घडी केलेली चादर सरकवली, तेवढ्या स्पर्शाने त्यांच्या डोळ्यांतून पाणी सुरू झाले आणि ते बराच वेळ थांबले नाही. "माझा योग वाया गेला," असे त्या नंतर म्हणाल्या.

त्यांचा योग वाया गेला नव्हता. श्वासाने त्यांना रोज पाच मिनिटांची उसंत मिळत होती, पण त्या उसंतीत राग काय सांगतो आहे हे त्यांनी एकदाही ऐकले नव्हते. पुढच्या आठवड्यात आम्ही एवढाच बदल केला की श्वास स्थिर झाल्यावर त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारायचा: हा राग काय मागतो आहे? उत्तर अगदी साधे निघाले. त्यांना आठवड्यातून दोन दुपारी घराबाहेर पडायचे होते. त्यांनी नणंदेशी मोकळेपणाने बोलून तशी व्यवस्था लावून घेतली. हे बोलणे त्यांना कुठल्याही आसनापेक्षा कठीण गेले, आणि माझ्या मते त्यांची खरी साधना तिथून सुरू झाली.

पतंजलींनी योगाची व्याख्या 'चित्तवृत्तिनिरोध', म्हणजे मनातल्या वृत्ती थांबणे, अशी केली आहे. या शब्दाचा अर्थ अनेक जण वृत्तींचा गळा आवळणे असा घेतात. पतंजलींनी या निरोधाचे उपाय म्हणून अभ्यास आणि वैराग्य ही दोन नावे घेतली आहेत. दोन्ही गोष्टी सावकाश मुरणाऱ्या आहेत आणि दडपणे त्यांत कुठेच बसत नाही.

शवासनात रडू आले तर घाबरू नये आणि ते जबरदस्तीने थांबवूही नये. गुडघे वाकवून एका कुशीवर वळावे, डोळे उघडावेत, हाताखालच्या चटईचा स्पर्श जाणवू द्यावा. शिक्षकांनी अशा वेळी चारचौघांत "काय झाले?" असे विचारू नये. पाण्याचा पेला जवळ ठेवून शेजारी शांत बसले तरी पुरते.

बिथरलेल्या मनाला एकदम डोळे मिटून बसवणे

हिंजवडीहून दीड तास वाहतुकीत अडकून घरी आलेला माणूस चप्पल काढतो, हातपाय धुतो आणि ध्यानाला बसतो. दोन मिनिटांत दिवसभरातले सगळे संवाद, साहेबांचा ईमेल, उद्याची बैठक, मुलाची फी, असे सगळे एकदम अंगावर येते आणि ध्यान आपल्याला जमत नाही असा निष्कर्ष तो काढतो. शरीरात अजून दिवसभराचा ताण भरलेला असताना बाहेरचे दृश्य बंद केले की मनाला आतल्या गोंगाटाखेरीज दुसरा आधारच उरत नाही. ज्यांनी एखादा मोठा आघात सोसला आहे, त्यांना तर मिटल्या डोळ्यांनी तोच प्रसंग पुन्हा दिसू लागतो, आणि अशा साधकाला डोळे मिटण्याचा आग्रह करणे मी चूकच मानते.

अशा वेळी उभ्याने करायच्या आसनांपासून सुरुवात करावी. ताडासन, उत्थित त्रिकोणासन आणि वीरभद्रासन यांत पायांना काम मिळते, तळव्यांखाली जमीन जाणवते आणि लक्ष आपोआप शरीरात उतरते. पंधरा-वीस मिनिटे असे केल्यानंतर, कपाळाला आधार देऊन पुढे वाकण्याची आसने करावीत. खुर्चीच्या बैठकीवर घडी केलेली चादर ठेवून तिच्यावर डोके टेकले तरी चालते. त्यानंतर शवासन, आणि तेही सुरुवातीला अर्धे उघडे डोळे ठेवून.

चित्त उदास असेल तर मात्र हा क्रम बदलावा लागतो, आणि इथेच अनेक वर्गांत सर्वांना एकच साचा लावला जातो. खचलेला माणूस आधीच खांदे पुढे घेऊन, छाती आत ओढून बसलेला असतो. त्याला दीर्घ काळ पुढे वाकवून ठेवले तर तो आणखी आत बुडतो. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली योग शिकवण्यासाठी पुण्यात आले आणि इथेच स्थायिक झाले. लोड, पट्टे, लाकडी विटा, दोर आणि खुर्च्या यांच्या आधाराने आसने करण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. त्यांनी १९७५ साली शिवाजीनगर भागात सुरू केलेल्या संस्थेत ती आजही शिकवली जाते. या परंपरेत उदास साधकाला छाती मोकळी राहील अशा आधाराच्या आसनांत, डोळे उघडे ठेवून थांबवतात. घरी करायचे असेल तर बैठकीतला लोड जमिनीवर पाठीच्या कण्याच्या रेषेत लांबीने ठेवावा, त्यावर पाठ टेकून निजावे, डोक्याखाली उशी घ्यावी आणि पाच मिनिटे छताकडे पाहत राहावे. मानेवर किंवा कमरेत ताण आला तर लोडाची उंची कमी करावी.

घाबरलेल्या अवस्थेत जोरकस प्राणायाम करणे

याविषयी मी स्वतःच्या अनुभवावरून लिहिते आहे. वडील गेल्यानंतरच्या वर्षी मी एका वर्गाला जात होते. तिथे सुरुवातीलाच जोरजोरात भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा वेगाने श्वास घेण्या-सोडण्याची क्रिया, करून घेतली जाई. तिसऱ्या दिवशी माझ्या बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, छाती धडधडू लागली. मी थांबले तेव्हा शिक्षकांनी "साठलेले बाहेर पडते आहे, सहन करा" असे सांगितले. मी सहन केले आणि त्यानंतरचे दोन महिने मला श्वासाचीच भीती वाटत राहिली.

त्या मुंग्यांचे कारण फार पुढे समजले. गरजेपेक्षा जास्त आणि वेगाने श्वास घेतला की रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते. त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून चक्कर येते आणि हातापायांना मुंग्या येतात. चिंताग्रस्त माणसाचा श्वास मुळातच उथळ आणि जलद असतो. त्यावर भस्त्रिका किंवा वेगवान कपालभाती चढवली तर पॅनिक अटॅकसारखी अवस्था उद्भवू शकते. त्यात काहीही 'बाहेर पडत' नसते.

असे झाले तर क्रिया तत्काळ थांबवावी, पाय जमिनीवर टेकवून बसावे आणि श्वास नाकाने, आपल्या गतीने होऊ द्यावा. तो स्थिरावला की तीन अंक मोजत श्वास घ्यावा आणि पाच अंक मोजत सोडावा, इतकेच पाच मिनिटे करावे. श्वास सोडण्याचा काळ लांबला की हृदयाची गती मंदावते, कारण वेगस ही मेंदूच्या तळापासून हृदयापर्यंत येणारी चेता (नर्व्ह) उच्छ्वासाच्या वेळी अधिक प्रभावी असते. श्वास रोखून धरणे, म्हणजे कुंभक, या काळात पूर्णपणे टाळावे. भ्रामरी बहुतेकांना मानवते, कारण गुंजन करताना उच्छ्वास आपोआप लांबतो. उच्च रक्तदाब, हर्निया, अपस्मार, गरोदरपण किंवा पोटाची नुकती झालेली शस्त्रक्रिया असेल, तर कपालभाती आणि भस्त्रिकेच्या वाटेला जाऊ नये.

आत्मचिंतनाचा खटला करणे

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा लातूरकडचा एक मुलगा काही महिने आमच्या वर्गाला येत होता. पूर्व परीक्षेत दोनदा अपयश आल्यावर कोणीतरी त्याला रोज रात्री डायरी लिहिण्याचा सल्ला दिला होता. एकदा त्याने ती दोनशे पानी वही मला स्वतःहून दाखवली. प्रत्येक पानाची सुरुवात 'का' या शब्दाने होती. मी दोन तास मोबाइल का पाहिला, बाबांना खोटे का सांगितले, मलाच हे का जमत नाही. पानाच्या तळाशी रोज तेच वाक्य येई, 'माझीच लायकी नाही,' आणि पेन इतके दाबून चालवलेले की मागच्या पानावर अक्षरे उमटली होती. तो हे सर्व रात्री बारानंतर, अभ्यासिकेतून परतल्यावर, कॉटवर बसून लिहीत असे आणि मग त्याला तीनपर्यंत झोप येत नसे.

हे आत्मचिंतन नव्हते. इथे फिर्यादी, वकील आणि न्यायाधीश एकच माणूस होता आणि निकाल आधीच लागलेला होता. आपल्या दुःखाची कारणे आणि परिणाम मनात पुन्हा पुन्हा घोळवत राहण्याच्या या सवयीचा अभ्यास सुझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अनेक वर्षे केला. कॅलिफोर्नियात १९८९ साली झालेल्या भूकंपाच्या आधीच त्यांनी काही विद्यार्थ्यांची मनःस्थिती नोंदवून ठेवली होती. ज्यांना घोळवत बसण्याची सवय आधीपासून होती, त्यांच्यात भूकंपानंतर नैराश्याची लक्षणे अधिक आढळली.

त्या मुलाला आम्ही वही सोडायला सांगितली नाही. प्रश्न तेवढे बदलले. आज काय घडले, ते शरीरात कुठे जाणवले, आणि उद्या त्यातले माझ्या हातात काय आहे. या तीन प्रश्नांना मिळून एक पान. लिहिण्याची वेळ रात्रीची बदलून संध्याकाळी सहाची केली, तेही वीस मिनिटे आसने आणि श्वास झाल्यावर. पहिल्या आठवड्यात त्याने लिहिले, 'मित्राची निवड झाल्याचे कळले. घशात काहीतरी अडकले. उद्या त्याला फोन करून अभिनंदन करणार.' एका वर्षाचा हिशेब मांडणाऱ्या त्या जुन्या पानांपेक्षा या तीन ओळींत त्याने स्वतःला जास्त नीट पाहिले होते, असे मला आजही वाटते.

लेखनाला वेळेची मर्यादा असावी. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी आपल्या आयुष्यातील क्लेशकारक प्रसंगांविषयी सलग चार दिवस, रोज फक्त पंधरा मिनिटे लिहिले होते. लिहून झाल्यावर लगेच काहींना अधिक उदास वाटले, तरी पुढच्या महिन्यांत भावना आणि घटना दोन्ही लिहिणाऱ्यांचे आजारपणासाठी दवाखान्यात जाणे कमी झाले. याचा व्यावहारिक अर्थ असा की लिहिल्यानंतर थोडा वेळ मन जड राहणे स्वाभाविक आहे. पण ते जडपण दुसऱ्या दिवशीही तसेच उरत असेल, तर तो विषय वहीत एकट्याने उकरू नये आणि जाणकार माणसासमोर मांडावा.

काही लहान चुकाही इथेच सांगते. आठवडाभर काहीच न करता रविवारी दोन तास घाम गाळण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे बरी. जेवणानंतर किमान तीन तास आसने करू नयेत. मोबाइलवरील ॲपमध्ये सलग किती दिवस झाले याचा आकडा मोजत बसले, की एक दिवस चुकल्यावर सगळेच सोडून दिले जाते, म्हणून तो आकडा पाहूच नये. एखाद्या दिवशी आसनांना मनच तयार नसेल, तर पर्वती किंवा तळजाईच्या टेकडीवर चालत जाऊन यावे आणि चढताना फक्त श्वासाकडे लक्ष ठेवावे.

योगालाच उपचार समजणे

ही चूक घातक ठरू शकते. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. योग सुरू केल्यावर बरे वाटू लागले म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करणारे साधक मी पाहिले आहेत आणि त्यांतील काहींना पुढे फार त्रास झाला, कारण या औषधांची मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावी लागते.

डॉक्टरांकडे जाताना आपण कोणती आसने आणि कोणता प्राणायाम किती वेळ करतो हे लिहून न्यावे, आणि योगशिक्षकांना चालू औषधांची नावे सांगावीत. काही औषधांनी उठताना रक्तदाब एकदम खाली येतो, त्यामुळे खाली वाकून पटकन उभे राहिल्यास भोवळ येऊ शकते. शिक्षकांना हे आधी ठाऊक असेल तर ते अशा साधकाला भिंतीजवळची जागा देतात आणि प्रत्येक आसनातून बाहेर येताना दोन श्वास जास्त थांबायला सांगतात.