सेट आधी गरम होऊ द्या, मग डायल जुळवा

डब्ल्यूएसपीआरवर (हॅम रेडिओत कमी पॉवरचा सिग्नल कुठवर पोहोचतो ते तपासायची पद्धत) मी सोडलेल्या सिग्नलचे रिपोर्ट यायला लागले, तेव्हा ड्रिफ्टच्या, म्हणजे सिग्नल किती सरकतोय त्या रकान्यात सारखं −२ दिसायचं. म्हणजे दर मिनिटाला दोन हर्ट्झ खाली. आधी सॉफ्टवेअर तपासलं, मग संगणकाचं घड्याळ. दोन्ही ठीक होती. रेडिओ सेट गार होता, एवढंच.

सेटची फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल आत असतो, त्याची फ्रिक्वेन्सी तापमानाबरोबर सरकते. एक पीपीएमची (दहा लाखात एक भाग) चूक १० मेगाहर्ट्झवर १० हर्ट्झ असते, १४४ मेगाहर्ट्झवर तीच १४४ हर्ट्झ होते. बोलण्यात हे जाणवतही नाही. पण डब्ल्यूएसपीआरचा सिग्नल जेमतेम सहा हर्ट्झ रुंद असतो आणि एक प्रक्षेपण जवळजवळ दोन मिनिटं चालतं. तिथे जाणवतं.

सेट नेहमीच्या जागी, झाकण लावून, नुसता रिसीव्हवर चालू ठेवा. पंख्याचा झोत त्याच्यावर येऊ देऊ नका. किती वेळ ठेवायचा हे मॅन्युअलवर सोडू नका, फ्रिक्वेन्सी किती सरकतेय ते मोजा (कसं ते पुढे सांगतो). दर पाच मिनिटांनी आकडा वहीत लिहा. लागोपाठ तीन आकडे एका हर्ट्झच्या आत आले की सेट स्थिरावला. माझ्या सेटला पन्नास मिनिटं लागतात, आणि सुरुवातीच्या पंधरा मिनिटांतच बहुतेक सगळी घसरण होऊन जाते.

मोजायला प्रमाणवेळेचं स्टेशन घ्या. अमेरिकेचं डब्ल्यूडब्ल्यूव्ही किंवा चीनचं बीपीएम, दोन्ही १० मेगाहर्ट्झवर आहेत. जे ऐकू येईल ते चालेल. आरआयटी (फक्त रिसीव्हची फ्रिक्वेन्सी थोडी सरकवणारं बटण) बंद आहे ना, हे आधी बघा. यूएसबीवर (अपर साइडबँड, संगणकाचं यूएसबी नव्हे) डायल ९.९९९ मेगाहर्ट्झला ठेवा. डायल अचूक असेल तर कॅरियर (स्टेशनची मूळ लहर) बरोबर १००० हर्ट्झच्या शिट्टीसारखा ऐकू येईल. कानावर विसंबू नका, वॉटरफॉलवर (आवाजातल्या फ्रिक्वेन्सी रेघांनी दाखवणारं संगणकाच्या पडद्यावरचं चित्र) सगळ्यात ठळक रेघ कुठे आहे ते वाचा. डब्ल्यूडब्ल्यूव्हीवर अधूनमधून ५०० आणि ६०० हर्ट्झचे टोनही असतात, त्यांच्या रेघांना कॅरियर समजू नका.

आता एलएसबीवर (लोअर साइडबँड) जाऊन डायल १०.००१ करा आणि पुन्हा वाचा. समजा यूएसबीवर १००७ आणि एलएसबीवर ९९३ आलं. फरक १४, त्याचा निम्मा ७. तुमचा सेट ७ हर्ट्झ खाली चालतोय, म्हणजे ०.७ पीपीएम. ही दुहेरी मोजणी मला फार आवडते, कारण साउंडकार्डची चूक दोन्ही वाचनांत सारखीच येते आणि वजाबाकीत निघून जाते. सूर्योदय-सूर्यास्ताच्या सुमाराला मात्र मोजू नका. तेव्हा आयनांबर (रेडिओलहरी परतवणारा वातावरणाचा वरचा थर) हलत असतं आणि डॉप्लरमुळे एखादा हर्ट्झ इकडेतिकडे होतो.

नव्या सेटमध्ये दुरुस्ती मेनूतून होते, ते सोपं. जुन्यात ट्रिमर (फ्रिक्वेन्सी बारीक जुळवायचा आतला स्क्रू) फिरवावा लागतो आणि तिथेच मी फसलो होतो. झाकण काढून, लोखंडी स्क्रूड्रायव्हरने, अगदी शून्यावर आणून ठेवलं. स्क्रूड्रायव्हर उचलला तशी रेघ सरकली. झाकण लावून अर्ध्या तासाने पाहिलं तर नऊ हर्ट्झचा फरक. तेव्हापासून प्लॅस्टिकचं ट्रिमर टूल वापरतो, अगदी थोडं फिरवतो, झाकण लावतो, अर्धा तास थांबतो आणि पुन्हा मोजतो. दोन-तीन फेऱ्या लागतातच.

शेवटी डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर जिरवणारा रोधक) लावून नेहमीच्याच पॉवरवर दोन मिनिटं ट्रान्समिट करा आणि लगेच परत मोजा. पॉवर ॲम्प्लिफायरची धग आणि आतला पंखा मिळून ऑसिलेटर (क्रिस्टलचं सर्किट) पुन्हा हलवतात. आकडा दोन हर्ट्झपेक्षा जास्त सरकला, तर पॉवर कमी करा किंवा दोन प्रक्षेपणांमध्ये जास्त वेळ सोडा.