पोखरणचा आकडा स्वतः तपासायचा तर

11 मे 1998 च्या हायड्रोजन बॉम्बची ताकद सरकारने सुमारे 45 किलोटन सांगितली. परदेशी भूकंपशास्त्रज्ञांचे अंदाज त्याहून बरेच कमी होते, आणि 2009 मध्ये या चाचण्यांत सहभागी असलेले डीआरडीओचे शास्त्रज्ञ के. संथानम यांनीही शंका घेतली. कोणाची बाजू घेण्याआधी हिशोब करून बघा.

स्फोटाने जमिनीत उठलेल्या भूकंप-लहरींची तीव्रता घ्या, पण एकाच भूकंपमापन केंद्राची नको, अनेक केंद्रांची सरासरी हवी. समजा 5.2. त्यातून 4.45 वजा करा, उरलेले 0.75 ने भागा. 10 चा तितका घात म्हणजे किलोटन. उत्तर 10 येते. तीव्रता 5.4 धरली की तेच 18 च्या वर जाते!

खरी गोम 4.45 मध्ये आहे. हा आकडा कझाकस्तानातल्या सोव्हिएत अणुचाचणी क्षेत्राच्या कठीण खडकाचा. अमेरिकेच्या नेवाडा चाचणी क्षेत्रात लहरी जास्त विरतात, तिथे तो 4.05 च्या आसपास. मग त्याच 5.2 चे 34 किलोटन होतात. म्हणून पोखरणसाठी कोणता आकडा धरला, का धरला, हे आधी विचारा.

शिवाय त्या दिवशी तीन स्फोट एकदमच झाले, त्यामुळे लहरींवरून निघते ती एकूण ताकद. सरकारी आकड्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने दिलेला दुसरा आधार म्हणजे स्फोटाच्या जागेखालून काढलेल्या नमुन्यांचे किरणोत्सारी विश्लेषण. ही पद्धत लहरींवर अवलंबून नाही, त्यामुळे तिला वेगळे वजन द्या.