पानभर सगळे झोपलेले

रशियनच्या जोरावर भाषाविज्ञानात शिरलात आणि हाती रुमेयकाचा मजकूर पडला, तर सुरुवातीला तुमचं रशियनच तुम्हाला गोत्यात आणेल. माझं तसंच झालं.

रुमेयका ही युक्रेनमधल्या मारिउपोल भागातल्या ग्रीकांची बोली. १७७८ मध्ये क्रिमियातून हलवलेल्या ख्रिस्ती लोकांचे हे वंशज. १९२०-३०च्या दशकांत ही बोली ग्रीक अक्षरांत छापली जायची, १९६९ पासून सिरिलिक वर्णमाला आली. शब्द ग्रीक, अक्षरं रशियनची. गोम इथेच आहे.

काम दिसायला सोपं होतं: प्रत्येक शब्दापुढे त्याच्या भाषेची, ग्रीक की रशियन, खूण करायची. 'स्पित' दिसलं, मी बिनधास्त 'रशियन' ठोकलं. रशियनमध्ये त्याचा अर्थ 'झोपतो' किंवा 'झोपते'. काही वेळानं वाटलं, या गावात सगळे झोपलेतच की काय! तो शब्द होता 'घर'. ग्रीक 'स्पीती', बोलीत शेवटची आघात (उच्चारातला जोर) नसलेली 'इ' गळून पडते. (हा शब्द ग्रीकमध्येही उपराच, मूळचा लॅटिन.) आपल्याकडे 'शिक्षा मंत्री' ऐकून मराठी माणूस दचकतो, त्यातलाच प्रकार.

खरा छळ छोट्या शब्दांचा. आघात नसलेल्या 'ओ'चा 'उ' होतो, म्हणून ग्रीक उपपद (इंग्रजी 'the'सारखा शब्द) 'तो' इथे 'तु'. रशियनमध्ये 'तु' म्हणजे 'ती'चं ('ती गोष्ट'मधल्या) कर्मरूप. रशियन 'ना' म्हणजे 'वर', रुमेयकात 'ना' क्रियापदापुढे येऊन 'करावं, जावं' असा भाव देतो. अनेकवचनी उपपद 'ता' रशियन 'ती'सारखंच दिसतं.

म्हणून एकट्या शब्दावर कधीही निकाल देऊ नका, शेजारी बघा. 'तु स्पित' रशियन धरलं तर 'तिला झोपतो' असलं काहीतरी होतं, ग्रीक धरलं की घर जागेवर बसतं. शब्दकोश पाठ करण्याआधी ग्रीक उपपदं घोटा, मी उलटं केलं आणि दोन आठवडे वाया घालवले.

पण लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नका. रुमेयकात खरोखरचे रशियन उसने शब्दही भरपूर आहेत, त्यांच्यासाठी तिसरी खूण पहिल्या दिवसापासून ठेवा. आम्हाला ती उशिरा सुचली, आणि सगळी पानं पुन्हा पहिल्यापासून काढावी लागली.