आंबोलीच्या पावसाआधी टायरची तयारी

पावसाळी राइडची यादी करायला बसलं की सगळे रेनकोट आणि ड्राय बॅगपासून सुरुवात करतात. मी टायरपासून करतो, तेही मे महिना लागल्या लागल्या. मोठ्या मोटरसायकलचा टायर काही नाक्यावरच्या दुकानात टांगलेला नसतो. माप सांगायचं, आगाऊ रक्कम द्यायची आणि फोनची वाट बघायची. शिवाय नवा टायर कोरड्या रस्त्यावर दोनेकशे किलोमीटर पळवल्याशिवाय पावसात नेऊ नये. जूनच्या दहा तारखेला जाग आली तर दोन्हीला वेळ उरत नाही. आमचा बेत ठरलेला: पुण्याहून कोल्हापूर, पुढे संकेश्वर, मग गडहिंग्लज, आजरा, आंबोली आणि खाली सावंतवाडी. गाडी कावासाकीची व्हर्सिस ६५०, मागे बायको, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या.

आधी जुना टायर बघा. चालता चालता नाही, शेजारी उकिडवं बसून, मोबाइलचा टॉर्च लावून. टायरच्या कडेला टीडब्ल्यूआयची, म्हणजे झीज दाखवणारी, खूण असते. तिच्या रेषेत नक्षीच्या खोबणीत बोट घाला, तळाशी बारीक उंचवटा लागेल. नक्षी झिजून त्याला टेकली की टायर संपला. नियमात दुचाकीला ०.८ मिलिमीटर चालतात, पण तो आकडा पोलिसांसाठी. खोबणीचं काम पाणी बाहेर काढायचं, ती उथळ झाली की टायर पाण्यावर तरंगायला लागतो. मध्यावर दोन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मी घाटात नेत नाही. खोली मोजायचा गेज स्वस्तात मिळतो, एक घेऊन ठेवाच.

नुसती खोली पुरत नाही, आकारही बघा. आपलं बहुतेक रनिंग सरळ हायवेवर होतं, त्यामुळे मागचा टायर मध्येच झिजतो आणि कडा कोऱ्या राहतात. स्टीलची पट्टी आडवी धरा. गोल टायरला ती एका जागी टेकते, झिजलेल्यावर सपाट बसते. असा टायर वळणात आधी झुकायला तयार नसतो आणि मग कडेवर येताच गाडी एकदम आत पडते. माझा मागचा अकरा हजार किलोमीटरमध्ये असा झाला होता. नक्षी दिसत होती, म्हणून ‘अजून गोटा (पार गुळगुळीत) कुठे झालाय’ म्हणत मी तो आणखी दोन हजार ओढला. ते दोन हजार किलोमीटर मी प्रत्येक वळणावर गाडीशी भांडत होतो.

पुढच्या टायरला डोळ्यांपेक्षा हात बरा. तळवा नक्षीवरून आधी एका दिशेने फिरवा, मग उलट. एकीकडे गुळगुळीत आणि दुसरीकडे करवतीच्या दातांसारखं लागलं, तर नक्षीचे तुकडे तिरके झिजलेत. पुढचा ब्रेक, कमी हवा आणि थकलेलं सस्पेन्शन, बहुतेक वेळा या तिघांचं हे काम. वळताना हँडलला घरघर येते ती त्याचीच. (कराडच्या पुढचा रस्ताच खराब आहे, अशी मी बरेच दिवस स्वतःची समजूत घातली होती.) बनवल्याची तारीखही वाचून घ्या: साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या उभ्या बाजूवर, चार आकडे असतात, १५२३ म्हणजे २०२३ सालचा पंधरावा आठवडा. पाच वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही असो, रबर कडक झालंय का आणि साइडवॉलवर बारीक भेगा पडल्यात का ते तपासा. साइडवॉलला पंक्चर असेल तर चर्चाच नको, टायर बदला.

आता नवा कोणता? मिशेलिनची रोड मालिका, पिरेलीचा एंजल जीटी, मेट्झेलरचा रोडटेक, ब्रिजस्टोनची बॅटलॅक्स टी मालिका, डनलॉपचा रोडस्मार्ट, ही सगळी स्पोर्ट टूरिंग, म्हणजे लांबच्या प्रवासालाही आणि वळणांनाही चालणाऱ्या, घराण्यातली मंडळी. बहुतेकांत मध्ये कडक रबर, कडांना मऊ, आणि मिश्रणात सिलिका. सिलिकामुळे टायर गार असतानाही ओल्या रस्त्याला धरतो, आणि मला तेच हवं असतं. आंबोलीच्या धुक्यात टायर तापतच नाही. निव्वळ स्पोर्ट टायर उन्हाळ्यात झकास, पण तो गरम झाल्यावर खुलतो आणि मध्यावर लवकर संपतो. या घराण्यातला कोणता घ्यावा यावर मित्रमंडळी रात्र रात्र वाद घालतात. मी म्हणतो, ज्याची तारीख ताजी आणि जो वेळेत मिळतोय तो घ्या.

मापात मात्र हौस नको. माझ्या गाडीला पुढे १२०/७० आणि मागे १६०/६०, दोन्ही सतरा इंची. मागे १८० रुंदीचा चढवला की रुबाब येतो खरा, पण साडेचार इंची रिमवर तो आवळला जाऊन त्याचा आकार बिघडतो. मापापुढचा आकडाही बघा: ६९ म्हणजे ३२५ किलो भार. मागे माणूस आणि पेट्या असताना त्याहून कमी चालणार नाही. पुढचा टायर अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर जोडीच घ्या, एकाच कंपनीची, एकाच मालिकेची.

बसवायला मोठ्या गाड्यांची चाकं हाताळणाऱ्याकडेच जा. ब्रेकच्या डिस्कवर चाक आडवं टेकवू देऊ नका, वॉल्व्ह नवा घाला, बॅलन्सिंग करून घ्या. आणि बाण बघा. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण साइडवॉलवर असतो. एकदा एका दुकानातून आनंदात घरी आलो, चहाचा कप घेऊन खाली गाडी बघायला गेलो, तर पुढचा बाण मागे तोंड करून. तेव्हापासून पैसे देण्याआधी मी दोन्ही चाकांभोवती एक चक्कर मारतो. चेनचा ढिलेपणा तपासा, आणि दुकानातून हलण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघा. चाक काढल्यावर ब्रेकचे पॅड मागे सरकलेले असले तर पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही.

नवा टायर गुळगुळीत, निसरडा असतो. पहिले काही दिवस जोरात ब्रेक नको, एकदम झुकणं नको, वळणं हळूहळू वाढवत न्या. माझा हा कोटा सासवड, दिवेघाटाच्या फेऱ्यांत पूर्ण होतो.

पंक्चर किटमधल्या भोक बुजवायच्या स्ट्रिप वाळल्या नाहीत ना ते पाहा, छोटा पंप एकदा चालवून बघा. हवा निघायच्या दिवशी पहाटे, गाडी जागची हलण्याआधी, घरच्या गेजने मोजा, आणि दोन माणसं व सामानाचा आकडा गाडीवरच्या स्टिकरवरून घ्या. पंपावर जाईपर्यंत टायर तापतो आणि आकडा फुगतो. शिवाय तिथला पोरगा विचारायच्या आत दोन्हीकडे तीस मारून मोकळा होतो.