टेफ्लॉन टेप कोणत्या दिशेने गुंडाळावी?

नवा नळ बसवताना टेप लावूनही आट्यांतून पाणी पाझरत असेल, तर बहुधा ती उलट दिशेने गुंडाळलेली असते आणि नळ आवळताना सुटत जाते.

१. मुख्य व्हॉल्व्ह बंद करून जुनी टेप काढावी व आटे कोरडे पुसावेत.

२. नळाचे आट्यांचे टोक आपल्याकडे धरून, पहिला आटा मोकळा सोडून, टेप किंचित ताणत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चार-पाच वेढे गुंडाळावी आणि बोटाने आट्यांत दाबून बसवावी.

३. नळ आधी हातानेच फिरवावा. पान्याने शेवटचा एखादा फेरा पुरतो. तोंड सरळ करण्यासाठी तो मागे फिरवल्यास टेपची पकड जाते, तेव्हा नवी टेप लावणेच बरे.

सीपीव्हीसी या प्लास्टिक पाइपच्या जोडात पान्याचा जोर बेतानेच लावावा, कारण तो जोड भिंतीच्या आत तडकतो आणि ते लवकर ध्यानातही येत नाही.