चर्चमध्ये नव्याने येणाऱ्यांचं स्वागत कसं करावं: दारातही आणि स्क्रीनवरही

उपासना सुरू व्हायला दहा मिनिटं असतात. फाटकापाशी एक माणूस थांबतो, मोबाईलवर वेळ बघतो, आत डोकावतो, पुन्हा मोबाईल बघतो. आत सगळे एकमेकांना ओळखतात हे त्याला बाहेरूनच कळलेलं असतं. कुठे बसायचं, कधी उठायचं, कुणी काही विचारलं तर काय सांगायचं, याची तो मनातल्या मनात जुळवाजुळव करत असतो. कधीकधी तो तिथूनच परत फिरतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मी बरीच वर्षं आमच्या चर्चच्या दारात उभी राहते. नव्या माणसाच्या मनात दोन प्रकारची धास्ती असते, हे मला तिथे उभं राहूनच कळलं. आपल्याकडे कुणी बघणारच नाही, ही एक. आणि सगळेच आपल्याकडे बघतील, ही दुसरी. या दोन्हींच्या मधून वाट काढायची असते. ती कशी, ते टप्प्याटप्प्याने सांगते.

१. आधी स्वतः परके होऊन बघा

एखाद्या रविवारी तुमच्या चर्चला कधीच न आलेल्या मित्राला बोलवा आणि त्याला काहीही न सांगता फाटकापासून आत येऊ द्या. तुम्ही फक्त मागून चाला. तो कुठे अडखळतो ते टिपून ठेवा. दोन दारं असतील तर तो हमखास बंद दाराकडे जाईल. स्वच्छतागृह कुठे आहे ते त्याला विचारावं लागेल. फलकावरची वेळ आणि गूगल मॅप्सवरची वेळ वेगळी असेल. नाताळ, गुड फ्रायडे, ईस्टर या दिवसांत वेळा बदलतात आणि नेमके याच दिवसांत सगळ्यात जास्त नवे लोक येतात. म्हणून वेळ बदलली की त्याच दिवशी इंटरनेटवरही बदला. व्हीलचेअर कुठल्या बाजूने आत येते, हेही बाहेरच लिहिलेलं असावं.

२. दारात कोण उभं राहणार ते ठरवा

हे काम कुणालाही जमतं, अशी समजूत आहे. पूर्वीच्या मंडळ्यांना, म्हणजे चर्चच्या समुदायांना, तसं वाटत नव्हतं. इ.स. २५१ मध्ये रोमचे बिशप कर्नेलियस यांनी एका पत्रात आपल्या मंडळीतल्या सेवकांची मोजदाद दिली आहे. भूत काढणारे, शास्त्रवाचन करणारे आणि द्वारपाल मिळून ५२ जण, असा आकडा त्यात येतो. द्वारपाल ही तेव्हा चर्चमधली नेमलेली सेवा होती. कॅथोलिक चर्चमध्ये तो दर्जा १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी हे पद रद्द करेपर्यंत टिकून होता. दारात उभं राहणाऱ्याची निवड आपणही तेवढ्याच विचाराने करायला हवी.

दाराशी दोघं तरी असावेत. एक दारातच थांबेल आणि दुसरा नव्या माणसाबरोबर आत जाईल. आठ-दहा जणांचा घोळका नको. त्यातून वाट काढत आत जाणं नव्या माणसाच्या जिवावर येतं. आणि दारातल्या दोघांनी आपसात गप्पा मारायच्या नाहीत. आमच्याकडे हाच नियम पाळणं सगळ्यात अवघड गेलं.

काय बोलावं? "पहिल्यांदाच आलात का?" हा प्रश्न टाळा. समोरचा माणूस दोन वर्षांपासून मागच्या बाकावर बसत असेल तर त्याला फार लागतं. त्यापेक्षा आपलं नाव सांगा: "नमस्कार, मी अमुक. आपली आधी ओळख झाली होती का?" तो नवा असेल तर स्वतःच सांगेल. मग एवढंच म्हणा, "या, बरं वाटलं तुम्ही आलात. सव्वा तास उपासना चालते. मध्ये कधी बाहेर जावंसं वाटलं तर हे बाजूचं दार उघडंच असतं." किती वेळ लागेल आणि बाहेर पडायची वाट कुठे आहे, हे कळलं की माणसाचे खांदे सैल पडतात. हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

आडनाव, नोकरी, लग्न, मुलं, बाप्तिस्मा, आधी कुठल्या चर्चला जात होता, एकटेच का आलात, यातलं काहीही दारात विचारायचं नाही. माणूस दुःखात आलेला असू शकतो. घरच्यांना न सांगता आलेला असू शकतो.

३. बसायला जागा द्या आणि सोबत द्या

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेला माणूस आणि मळके कपडे घातलेला गरीब सभेत येतात. पहिल्याला मानाची जागा मिळते, दुसऱ्याला पायाशी बसवलं जातं. याकोब मंडळीला त्याबद्दल खडसावतो. हा उतारा दारातल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी वाचावा. गाडीतून उतरलेल्या कुटुंबाला पुढचा बाक आणि चुरगळलेल्या शर्टातल्या मुलाला भिंतीकडेची खुर्ची, हे आपल्या हातून नकळत होऊन जातं.

मागचे आणि कडेचे दोन बाक नव्यांसाठी मोकळे ठेवा. जुन्या मंडळींना पुढे सरकायला सांगा, ती कुरकुरली तरी. नव्या माणसाला पुढे बसायचा आग्रह करू नका. पुढे बसणाऱ्याला कुणाचं बघून उठायचं-बसायचं ते कळत नाही.

आमच्याकडे एक आजी आहेत. त्या नेहमी शेवटून दुसऱ्या बाकावर बसतात. शेजारी अनोळखी कुणी आलं की आधी किंचित सरकतात. गीताचा क्रमांक सांगितला जातो. आजी आपलं गायनपुस्तक उघडतात, पान सापडलं की पुस्तक दोघींच्या मध्ये धरतात आणि चालू ओळीखाली बोट ठेवतात. कडवं संपलं की बोट पुढच्या कडव्यावर. तोंडाने एक शब्द नाही. उभं राहायची वेळ आली की इतरांच्या क्षणभर आधी उठायला लागतात, म्हणजे शेजारणीला अंदाज येतो. आमच्या मंडळीत स्वागताची सेवा कुणी सगळ्यात चांगली करत असेल तर ती या आजी. तुमच्याकडेही अशी माणसं असतील. ती शोधा आणि मागच्या बाकांवर बसायची त्यांना विनंती करा.

४. उपासना चालू असताना

पुढून बोलणाऱ्यांनी एक सवय लावून घ्यावी. प्रत्येक भागाआधी एक वाक्य सांगायचं: "आता आपण उभं राहून प्रार्थना करू. बसून राहायचं असेल तर बसा." "शब्द समोर पडद्यावर आहेत." नेहमी येणाऱ्यांना हे ऐकून कंटाळा येत नाही. आलाच तर तो सोसावा.

दोन जागी नव्या माणसाला फार अवघडल्यासारखं होतं. दानपिशवी फिरते तेव्हा सरळ सांगा की हे अर्पण मंडळीच्या सभासदांचं आहे, पाहुण्यांनी पिशवी पुढे दिली तरी चालेल. दुसरी जागा प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीची. इथे प्रत्येक चर्चची शिस्त वेगळी आहे. कॅथोलिक मिस्सात, म्हणजे त्यांच्या उपासनेत, एरवी फक्त कॅथोलिकांनीच कम्युनियन (प्रभुभोजन) घ्यायचं असतं. काही मंडळ्यांत बाप्तिस्मा झालेल्या कुणालाही घेता येतं. तुमची रीत जी असेल ती आधीच, गोड शब्दांत सांगा. न घेणाऱ्याने काय करायचं तेही सांगा: बाकावर बसून प्रार्थना करायची की आशीर्वादासाठी पुढे यायचं. हे माहीत नसताना रांगेत शिरलेल्या माणसाला ऐन वेळी थांबवणं फार क्लेशदायक असतं, थांबवणाऱ्यालाही.

आणि नव्या लोकांना उभं करून ओळख करून द्यायला लावू नका. ही प्रथा आमच्याकडेही होती. एकदा एका बाईंना असं उभं केलं. त्यांनी नाव सांगितलं, पुढे शब्दच फुटेना. सगळे मागे वळून हसऱ्या चेहऱ्याने बघत होते आणि त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. संदेश, म्हणजे प्रवचन, सुरू होण्याआधीच त्या निघून गेल्या, त्या परत आल्या नाहीत. त्यांना उभं राहायची खूण मीच केली होती. त्यानंतर आम्ही ती प्रथा बंद केली.

५. उपासनेनंतरची पहिली दहा मिनिटं

समारोपाची प्रार्थना होते आणि सगळे आपापल्या माणसांकडे वळतात. नवा माणूस सगळ्यात एकटा पडतो तो या वेळी. म्हणून निदान पंच (मंडळीचा कारभार बघणारे) आणि स्वागत करणारे यांनी तरी पहिली दहा मिनिटं चर्चच्या कामाचं काही बोलायचं नाही. हिशेब, पुढची बैठक, गायनाचा सराव, सगळं नंतर. आधी ज्यांना ओळखत नाही त्यांच्याकडे जायचं.

त्यांची गाठ एकाच माणसाशी घालून द्या, वयाने किंवा आवडीने जवळच्या. दहा जणांची नावं कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. मुलं सोबत असतील तर रविवार शाळेच्या शिक्षकांची ओळख करून द्या, पण मूल आईवडिलांपासून परस्पर उचलून नेऊ नका. पहिल्या दिवशी आईवडिलांना वर्गात बसू द्या. गायकवर्गात या, समितीत या, असली आमंत्रणंही पहिल्या दिवशी नकोत.

६. नाव, नंबर आणि नंतरचा निरोप

लहानसं कार्ड ठेवा. नाव, संपर्क, आणि "आम्ही निरोप पाठवलेला चालेल का?" असा एक रकाना. हे कार्ड कोण वाचणार तेही त्यावर लिहा. कार्ड भरलं नाही तर पाठपुरावा करायचा नाही.

मिळालेला नंबर लगेच मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये टाकू नका. ग्रुपमध्ये गेलेला नंबर तिथल्या प्रत्येकाला दिसतो आणि रात्री अकराला अनोळखी माणसाचे संदेश यायला लागतात. आधी विचारा. ब्रॉडकास्ट यादी वापरणार असाल तर लक्षात ठेवा, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक निरोप पाठवा. बाईंना बाईने पाठवावा. असा काहीतरी: "काल तुम्हाला भेटून आनंद झाला. काही विचारायचं असेल किंवा कशासाठी प्रार्थना हवी असेल तर मला कळवा. सवडीने, घाई नाही." उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवू नका.

७. स्क्रीनपलीकडच्या माणसाचं स्वागत

आमचं प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा एक जण दर रविवारी चॅटमध्ये "नमस्कार" लिहायचा. नावाच्या जागी नुसतं एक अक्षर. आमची मुलं आवाज आणि कॅमेरा सांभाळण्यात गुंतलेली असायची, चॅट कुणी उघडतच नव्हतं. पाच रविवार त्याने नमस्कार केला. सहाव्या रविवारी केला नाही. जुनी चित्रफीत बघताना हे माझ्या लक्षात आलं, तोवर उशीर झाला होता. दारात आलेल्या माणसाच्या नमस्काराकडे पाच वेळा पाठ फिरवण्यासारखंच होतं ते.

तेव्हा पहिलं काम म्हणजे ऑनलाइन दारात एक माणूस नेमा आणि त्याला तांत्रिक कामातून मोकळा ठेवा. त्याने दहा मिनिटं आधी हजर राहून स्वतःच्या नावाने लिहावं: "मी अमुक, आज शेवटपर्यंत इथे आहे." शास्त्रपाठाचा संदर्भ आणि गीताचे शब्द त्याने चॅटमध्ये टाकत राहावं.

आता सांभाळायच्या गोष्टी. यूट्यूबवरचा चॅट साऱ्या जगाला दिसतो. तिथे फोन नंबर किंवा प्रार्थनेचं कारण मागू नका. "माझ्या तपासणीचा निकाल यायचा आहे" असं कुणी लिहिलंच तर जाहीर चौकशी न करता खाजगी संपर्काचा मार्ग द्या. बघणाऱ्यांची नावं व्यासपीठावरून वाचून दाखवू नका. कुणी घरच्यांच्या नकळत बघत असतं, आणि चित्रफीत कायम राहते. प्रत्यक्ष बसलेल्यांनाही कॅमेरा कुठवर पोचतो ते सांगा आणि चित्रीकरणात न येणारे बाक दाखवा.

चित्रापेक्षा आवाजाकडे लक्ष द्या. मोबाईल लांब ठेवून घेतलेला आवाज घुमतो आणि संदेशातला शब्द कळत नाही. साउंड मिक्सरमधून थेट वायर घेतली तर साध्या कॅमेऱ्यावरही काम भागतं. यूट्यूबवर लाइव्हची सोय पहिल्यांदा सुरू व्हायला २४ तास लागू शकतात, त्यामुळे शनिवारी रात्री सुरुवात करून चालत नाही.

झूमवर भेटत असाल तर मोफत खात्यात एक सभा ४० मिनिटांची आणि १०० जणांपर्यंतच असते. प्रार्थना चालू असताना सभा तुटली तर नवा माणूस पुन्हा जोडला जाईलच असं नाही. वेटिंग रूम चालू ठेवली असेल तर तिच्याकडे बघायला वेगळा माणूस लागतो. सूत्रसंचालक गाण्यात रंगलेला आणि कुणीतरी बाहेर ताटकळत, असं व्हायला नको. कॅमेरा बंद ठेवणाऱ्याला तो चालू करायला लावू नका. त्याचं मागचं बाक तेच आहे.

पुढून बोलणाऱ्याने उपासनेत दोन-तीनदा तरी कॅमेऱ्यात बघून घरी बसलेल्यांशी बोलावं. "शक्य असेल तर खरं चर्च बघायला या" असं मात्र कधीच म्हणू नये. अंथरुणाला खिळलेल्यांना, रुग्णाला सोडून बाहेर पडता न येणाऱ्यांना, रविवारी कामावर असणाऱ्यांना ते वाक्य झोंबतं. यायचं असेल त्याला वाट सोपी करून द्या: "पुढच्या रविवारी येणार असाल तर मी डावीकडच्या दारात निळा बिल्ला लावून उभी असेन." ऑनलाइन ओळखीचा झालेला चेहराच दारात दिसला तर फाटकापाशी घुटमळायची पाळी येत नाही.

८. दुसरा रविवार

पहिल्या भेटीनंतर घरी गेल्यावर वहीत दोन गोष्टी लिहून ठेवा: नाव, आणि त्यांनी आपणहून सांगितलेली एखादी गोष्ट. "मुलीची परीक्षा आहे" एवढंही पुरे. दुसऱ्या वेळी नावाने हाक मारा आणि मुलीची परीक्षा कशी झाली ते विचारा. पहिल्या रविवारी सगळेच प्रेमाने वागतात, दुसऱ्या रविवारी मात्र बरेच जण विसरून जातात. मध्ये काही आठवडे खंड पडला तर "इतके दिवस कुठे होता?" असं विचारू नका. "बरं वाटलं आलात" हेच पुन्हा म्हणा.

तीन-चार महिने माणूस येत राहिला की वहीतलं त्याचं नाव नव्यांच्या यादीतून काढा आणि आपल्याबरोबर दारात उभं राहायला आवडेल का, ते विचारा. कुठला फलक त्याला चुकीच्या दाराकडे घेऊन गेला होता, हे त्याला अजून आठवत असतं.